शांततेची पेटी आणि तिच्या किल्ल्या

डहाणूहून बोर्डीकडे जाताना वाटेत चिखले लागतं. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला चिकूच्या वाड्या. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात बचत गटाची बैठक बसली, की मधोमध एक पत्र्याची पेटी येते. दहा-बारा जणी आपापले पैसे देतात, पासबुकात नोंद होते, नोटा आत जातात, कुलूप लागतं. बऱ्याच गटांत पेटी एकीच्या घरी राहते आणि किल्ली दुसरीच्या. पैसे एकदा आत पडले की कोणाची नोट कोणती, हे कोणी विचारत नाही. ज्या घरात आजारपण निघेल किंवा शाळेची फी भरायची असेल, तिथे ते जातात.

ही पेटी डोळ्यांसमोर असू द्या. युद्ध संपलेल्या देशांत शांतता उभी करायला जग जवळजवळ अशीच एक पेटी वापरतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थक्क व्हायला झालं होतं. अजूनही होतं.

करारावर सह्या झाल्या की दहा देश मदत घेऊन धावतात. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, हिशेबाची तऱ्हा वेगळी, आपल्या झेंड्याची पाटी कुठे लागणार याची काळजी वेगळी. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या सरकारातले मोजके अधिकारी मग दहा पाहुण्यांसाठी दहा अहवाल लिहीत बसतात. त्यावर तोड म्हणून सगळ्यांनी एकाच खात्यात पैसे टाकायचे, खर्च एका समितीने ठरवायचा आणि हिशेब सगळ्यांना मिळून एकच द्यायचा. याला अनेक दात्यांचा विश्वस्त निधी म्हणतात. संयुक्त राष्ट्रांनी ऑक्टोबर २००६ मध्ये असा शांतता उभारणी निधी सुरू केला आणि पहिली मदत बुरुंडी व सिएरा लिओन या देशांना दिली. भारतानेही त्यात पैसे घातले आहेत. एक बारकावा मला फार आवडतो. पैसे कुठे जावेत हे ठरवणारं कार्यालय वेगळं आणि पैसे सांभाळणारं वेगळं. सांभाळणारं कार्यालय आपल्या कामापोटी जमेतला १ टक्का घेतं. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे.

पण ही कल्पना हाडामांसाची होते ती आपल्या शेजारी, नेपाळमध्ये.

दहा वर्षांच्या यादवीनंतर २१ नोव्हेंबर २००६ रोजी नेपाळ सरकार आणि माओवादी यांच्यात सर्वंकष शांतता करार झाला. लढणारे २८ छावण्यांत आले, त्यातल्या ७ मुख्य आणि २१ उपछावण्या. संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने एकेकाची तपासणी करून पात्र लढवय्यांचा आकडा १९,६०२ ठरवला. त्यांची शस्त्रं मालवाहू कंटेनरमध्ये भरून कुलूपबंद केली गेली. आता या कुलपाकडे जरा थांबून पाहू. किल्ली माओवाद्यांच्याच हातात दिली होती! देखरेख मात्र संयुक्त राष्ट्रांची. कंटेनरवर कॅमेरे आणि धोक्याची घंटा. ज्याची बंदूक त्याच्याचकडे किल्ली, म्हणजे त्याची मान खाली जात नाही. आणि कुलूप उघडलं तर ते लपून राहत नाही, म्हणजे समोरच्याला रात्री झोप लागते. अविश्वासाच्या ऐन मध्यावर दोन शत्रूंना शेजारी नांदवणारी इतकी साधी युक्ती माझ्या वाचनात दुसरी नाही.

पण कुलपाने पोट भरत नाही. डोंगरपायथ्याच्या छावण्यांत हजारो तरुण-तरुणी दाटीने राहत होते. पाऊस तोंडावर आला तर छप्पर हवं, प्यायचं पाणी हवं, गाडी पोचेल असा रस्ता हवा. अशा कामांसाठी २००७ मध्ये नेपाळ शांतता विश्वस्त निधी उभा राहिला. त्यात नेपाळ सरकारने स्वतःचे पैसे घातलेच. ब्रिटन, डेन्मार्क, फिनलंड, जर्मनी, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि युरोपीय संघानेही घातले. छावण्यांतल्या सोयी, उद्ध्वस्त पोलीस चौक्या पुन्हा बांधणं, एप्रिल २००८ ची संविधान सभेची निवडणूक अशा कामांना या पेटीतून रक्कम गेली. नळाच्या पाण्यात नॉर्वेचा थेंब कोणता आणि नेपाळचा कोणता, हे सांगता येणार नव्हतं. सांगता येऊ नये, हीच तर या पेटीची कमाल.

अशा निधीचा संचालक काय करतो? त्याच्या हाताखाली सैन्य नसतं, न्यायालयही नसतं. त्याच्याकडे असते एक सही आणि एक दिनदर्शिका, आणि दोन्हींत दिनदर्शिका जास्त मोलाची. धरणाचा आराखडा दोन वर्षं रखडला तर नुकसान होतं, पण धरण पळून जात नाही. छावणीतला तरुण पळून जातो, आणि जाताना कंटेनरकडे बघून जातो. म्हणून या कामात थोडीच पण वेळेवर आलेली रक्कम उशिरा आलेल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त काम करते. संयुक्त राष्ट्रांच्या निधीत तर तातडीच्या मदतीसाठी वेगळी खिडकीच ठेवली आहे.

दुसरी कसोटी जोखमीची. हिशेबाच्या दृष्टीने सुरक्षित जागा म्हणजे जिथे काम फसणार नाही ती. पण जिथे काम फसण्याची भीती नाही, तिथे या निधीची गरजही नसते. संचालकाला फसू शकणाऱ्या कामावरच सही करायची असते, आणि ते फसलं तर सगळ्या दात्यांपुढे तसं स्पष्ट सांगायचं असतं. यश आलं तरी दाखवायला फारसं काही हाती नसतं. न झालेल्या गोळीबाराचा फोटो कसा काढणार?

या पेटीने सगळं साधलं असं मात्र मी म्हणणार नाही. नेपाळमध्ये छावण्यांकडे पैसे लवकर वळले. युद्धात बेपत्ता झालेल्यांची घरं वाट पाहत राहिली. सत्यशोधन आयोग आणि बेपत्ता व्यक्तींची चौकशी करणारा आयोग नेमायला २०१५ उजाडलं. ज्याच्याकडे बंदूक त्याच्याकडे आधी लक्ष, हा अन्याय मला टोचतो. पैसा वेळ मिळवून देतो. त्या वेळात न्याय करायचा की नाही, हे राजकारण्यांच्या हाती राहतं.

शांततेला पैसा कशाला, असं कोणाला वाटत असेल तर त्याने डहाणू-तलासरीचाच इतिहास पाहावा. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले. किसान सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. वेठबिगार आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी राबवून घेणारी लग्नगडी पद्धत बंद व्हावी ही मागणी होती. पुढे लढा पेटला तो गवत कापणीच्या दरावर: ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच आदिवासी मारले गेले. सरकारदरबारी हा शांततेचा प्रश्न होता. कापणाऱ्याच्या लेखी तो अडीच रुपयांचा आणि माणूस म्हणून जगण्याचा होता. अडीच रुपये वेळेवर मिळते, तर बंदुकीची गरज कोणाला पडली असती?

आणि आता याच भागातली आजची गोष्ट. दात्यांच्या निधीत सगळ्यात दुर्मीळ पैसा कुठला, तर ज्याला अट बांधलेली नाही असा. त्यासाठी मराठीत किती नेमका शब्द आहे: अबंध. हा शब्द डहाणू आणि तलासरीच्या गावांना सरकारी कागदांतून आधीच माहीत आहे, कारण हे अनुसूचित क्षेत्र आहे आणि इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्या कायद्याने परंपरेच्या रीतीने तंटे मिटवण्याचा ग्रामसभेचा अधिकार मान्य केला. २०१५ पासून महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींकडे देण्याची व्यवस्था आहे. तंटा मिटवण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे, आणि अबंध पैसाही गावाच्या दारात. संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या कार्यालयात ज्या रचनेसाठी एवढा खटाटोप चालतो, तिचे दोन्ही खांब आपल्या गावात कायद्याने उभे आहेत.

तुमचं गाव पेसात असेल तर पुढच्या ग्रामसभेला जा. अबंध निधीच्या खात्याचं पासबुक मागा. त्यात किती आले, कशावर गेले ते वाचा, आणि खातं कोणाकोणाच्या सहीने चालतं ते विचारून घ्या.