दळणकांडणाचें यंत्र निवडतांना

दळणकांडणाचा उद्योग काढावयाचा असें एखाद्या गांवीं ठरलें कीं, पहिली चौकशी होते ती यंत्राच्या किंमतीची व दुसरी त्याच्या अश्वशक्तीची. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न शेवटीं विचारावयाचे आहेत. यंत्रांत काय घालावयाचें आणि त्यांतून काय बाहेर यावयास हवें, हें निश्चित झाल्यावांचून किंमतीला व अश्वशक्तीला कांहींच अर्थ नसतो. गहूं, हळद, मिरची, खडू आणि भट्टींतून निघालेले सिमेंटचे खडे या साऱ्यांचेंच पीठ करितात. पण या पांचांसाठीं एकच यंत्र पुढें करणारा विक्रेता भेटला, तर त्याच्यापासून दोन हात दूर राहणें बरें.

उदाहरणादाखल सांगली जिल्ह्यांतील एखादा स्त्रियांचा बचत गट डोळ्यांपुढें आणावा. सांगलीच्या हळदीला २०१८ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला. नुसतीं हळकुंडें विकण्यापेक्षां हळदीची पूड, तिखट व तयार मसाला विकला तर चार पैसे अधिक सुटतील, हा गटाचा विचार रास्तच आहे. २०२० सालीं केंद्र सरकारनें लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीं जी योजना काढली, तींत खर्चाच्या ३५ टक्के, परंतु एका उद्योगास १० लाख रुपयांहून अधिक नाहीं, असें अनुदान ठरविलें होतें. अनुदान पाठीशीं आहे म्हटलें कीं मोठें यंत्र घेण्याचा मोह होतो. उरलेलें कर्ज मात्र गटालाच फेडावयाचें असतें. आणि चुकीचें यंत्र विकावयाची पाळी येते, तेव्हां तें बहुधा मोडीच्याच भावानें जातें.

म्हणून प्रथम पदार्थाची परीक्षा करावी. खणखणीत वाळलेलें हळकुंड कठीण खरें, पण तें ठिसूळ असतें. मोडतांना त्याचा कट्‌कन आवाज होतो. ठिसूळ वस्तूला आघात मानवतो. मिरचीची साल चिवट असते. आघात बसला तर ती दबते, पण सहजासहजीं फुटत नाहीं. तिला कुटावें किंवा घासून फाडावें लागतें. खोबरें, तीळ, शेंगदाणे हे तेलकट. ते तापले कीं तेल सोडतात, चाळणीचीं भोकें बुजतात आणि पुडीऐवजीं लगदा हातीं येतो. चौथी गोष्ट ओलाव्याची. उन्हाळ्यांत जें यंत्र झरझर तिखट काढतें, तेंच श्रावणांत सादळलेल्या मिरच्यांनीं चोंदतें, आणि दोष मात्र बिचाऱ्या यंत्राला मिळतो.

पदार्थाच्या स्वभावावरून यंत्र कसें ठरतें, याचें सुंदर उदाहरण गव्हाचें आहे. गव्हाच्या दाण्याचें वरचें टरफल चिवट व आंतील गर ठिसूळ. जात्याच्या दोन पाळूंत हे दोन्ही एकत्रच भरडले जातात, व कोंड्यासकट पोळीचें पीठ मिळतें. परंतु मैदा व रवा वेगळा काढावयाचा असेल तर गव्हाला आधीं पाण्याचा हात देऊन टरफल अधिक चिवट करितात आणि मग एकमेकांशेजारीं निरनिराळ्या वेगानें फिरणाऱ्या खांचेदार लाटांमधून तो सोडतात. टरफल मोठ्या पापुद्र्यांत सुटतें, गर दाणेदार निघतो, व चाळण्यांनीं दोहोंची फारकत करितां येते. पोळीचें पीठ विकणाऱ्यानें हें लाटांचें यंत्र घेणें आणि मैदा विकणाऱ्यानें दगडी चक्की घेणें, दोन्ही सारखेंच फुकट.

आतां बारीकपणाचा विचार. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचें पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असतें. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे तुकडे केले तर ते १,००० होतात व त्यांचें एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर भरतें. तेच तुकडे एकदशांश मिलिमीटरचे केले तर त्यांची संख्या दहा लाख होते व पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटरांवर जातें. जितका नवा पृष्ठभाग उघडावा तितकी शक्ति खर्ची पडते, असा नियम ऑस्ट्रियांतील रिटिंगर या पंडितानें १८६७ सालीं मांडला. तो सर्वत्र तंतोतंत लागूं पडत नाहीं, आणि १९५२ सालीं बाँड यानें वेगळा हिशेब सुचविला. तथापि बारीक पुडीच्या बाबतींत रिटिंगरचा नियम व्यवहाराला पुष्कळ जवळचा आहे.

यावरून एक गोष्ट लक्षांत यावी. विक्रेत्याच्या पत्रकांत “ताशीं १०० किलो” असें छापलेलें असतें. कोणत्या पदार्थाचे, आणि कोणत्या चाळणीवर? जाड चाळणीवर १०० किलो देणारें यंत्र बारीक चाळणी बसवितांच त्याच्या निम्म्याहून खालीं येऊं शकतें. हा आंकडा पदार्थाच्या व चाळणीच्या उल्लेखावांचून वाचणें म्हणजे भाव न विचारतां नुसतें माप ऐकणें होय. विजेचा हिशेबही याच ठिकाणीं करावा. १० अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारानें तासभर चालली तर सुमारें साडेसात युनिट वीज खाते. त्या तासांत पूड ८० किलो निघते कीं ३०, यावरच नफातोटा अवलंबून.

शिवाय या विजेपैकीं कण फोडण्याच्या कामीं खरोखर लागणारा अंश अगदीं थोडा असतो. बाकी बहुतेक साऱ्याची उष्णता होते. गव्हाचें ताजें पीठ हाताला कढत लागतें तें यामुळेंच. गव्हाचें त्यांत फारसें बिघडत नाहीं, पण मसाल्याचा सारा जीव त्याच्या उडून जाणाऱ्या तेलांत असतो. दळतांना कारखानाभर सुटणारा घमघमाट ऐकावयास गोड वाटला, तरी तो डब्यांतून वजा होत असतो. मुंबईस लालबागेंत अजूनहि मसाला डंखावर कुटून घेणारीं माणसें रांगेंत दिसतात, तीं केवळ जुन्या हौसेनें नव्हेत. डंख म्हणजे विजेवर चालणारें उखळमुसळ. तो सावकाश काम करितो, तापतो कमी, व चिवट मिरचीला तो मानवतोही. मोठे कारखाने द्रवरूप नायट्रोजन सोडून मसाला थिजवितात आणि मग दळतात. हा द्रव उणें १९६ अंशांवर उकळतो. अर्थात् हें गांवच्या गटाच्या आवाक्यांतलें नाहीं. त्यानें एवढें करावें कीं, माल दोन टप्प्यांत दळावा, मध्यें निवूं द्यावा, आणि हवा खेळविणारें यंत्र पाहावें.

हळकुंडांसाठीं सामान्यतः हातोड्यांचें यंत्र, म्हणजे पल्व्हरायझर, उपयोगी पडतें. त्याच्या आंसावर बसविलेले हातोडे गरगर फिरतात व माल चाळणींतून जाण्याइतका बारीक होईतों त्यास झोडपतात. येथें नुसते फेरे विचारून भागत नाहीं. ६० सेंटिमीटर व्यासाचें चक्र मिनिटास ३,००० फेरे घेत असेल तर हातोड्याचें टोक सेकंदास सुमारें ९४ मीटर, म्हणजे ताशीं जवळजवळ ३४० किलोमीटर वेगानें जातें. व्यास ३० सेंटिमीटर असेल तर त्याच फेऱ्यांत वेग निम्मा. अख्खीं हळकुंडें एकदम यांत ओतूं नयेत. आधीं तीं भरडून घ्यावीं. तोंडाशीं लोहचुंबक असलाच पाहिजे, कारण पोत्यांतून आलेला एखादा खिळा चाळणी फाडतो व ठिणगीही पाडतो.

अतिकठीण व झिजविणाऱ्या वस्तूंना, उदाहरणार्थ चिनी मातीवरील झिलईच्या दगडांना किंवा सिमेंटला, हातोड्यांचें काम नाहीं. हातोडेच झिजून मालांत मिसळतात. तेथें गोळ्यांचा पिंप वापरितात. आडव्या फिरत्या पिंपांत पोलादी किंवा चिनी मातीचे गोळे वर चढून मालावर कोसळतात. याचा वेग मोठ्या बेतानें ठेवावा लागतो. एक मीटर व्यासाच्या पिंपास मिनिटाला ४२ फेरे दिले तर गोळे भिंतीलाच चिकटून राहतात आणि दळण थांबतें. तीसेक फेऱ्यांवर तो नीट चालतो.

दळणानंतर मिश्रण. लोकांना वाटतें, जितका वेळ ढवळावें तितकें उत्तम. परंतु सूप हलवितांना गृहिणी काय करिते? जाड एकीकडे, बारीक दुसरीकडे. कोरडें मिश्रण उगीच हालत राहिलें, किंवा उंचावरून डब्यांत पडलें, तर हेंच घडतें. म्हणून सर्व जिन्नस शक्यतों सारख्या बारीकपणाचे करून मगच एकत्र करावेत. पट्ट्या फिरणाऱ्या पन्हळीसारख्या यंत्रांत, ज्याला रिबन ब्लेंडर म्हणतात, अर्ध्यापासून दोनतृतीयांशापर्यंतच माल भरावा. तोंडापर्यंत भरल्यास वरचा थर जागचा हलत नाहीं. १०० किलो मसाल्यांत एक किलो हिंग घालावयाचा असेल तर तो एकदम टाकूं नये. आधीं एक-दोन किलो मसाल्यांत, मग पांच-दहा किलोंत, असा वाढवीत न्यावा. कणीक किंवा चटणीसारखा घट्ट लगदा मिसळावयास मात्र हें यंत्र कुचकामी. त्याला जाड बाहूंचें मळणीयंत्र हवें.

आणखी एका धोक्याची वास्तपुस्त विक्रेता सहसा करीत नाहीं. ढिगांतलें पीठ सहसा भडकत नाहीं, पण तेंच हवेंत दाट तरंगूं लागलें आणि ठिणगी पडली तर बारुदासारखें उडतें. २ मे १८७८ रोजीं अमेरिकेंतील मिनियापोलिस शहरीं वॉशबर्न नांवाच्या मोठ्या पिठाच्या गिरणींत असा स्फोट झाला व शेजारच्या गिरण्यांसह १८ माणसें गेलीं. म्हणून धूळ ओढून पिशवींत धरणारी सोय, पट्ट्यांवर जाळीचें आवरण, आणि झांकण उघडतांच मोटार बंद करणारी कळ, हीं किंमतीवर घासाघीस करतांना गाळावयाचीं कलमें नव्हेत. तिखटाच्या धुळीनें डोळे व छाती जाळून घेणाऱ्या बायांना हें सांगावयास नको.

शेवटीं यंत्र बनविणाऱ्याच्या कारखान्यांत चांचणी घ्यावी, आणि ती आपल्याच मालाची. घरून वीस-पंचवीस किलो हळकुंडें न्यावीं, विक्रेत्यानें तयार ठेवलेलीं वापरूं नयेत. घड्याळ लावून पूड तोलावी. ठरलेल्या चाळणीवर किती राहिली तें पाहावें. विजेचा मापक आधीं व नंतर वाचावा. पुडींत थर्मामीटर खुपसावा. यंत्र उघडून झाडावयास किती वेळ लागतो तेंही मोजावें, कारण तिखटानंतर हळद दळावयाची झाली तर तें रोजचेंच काम होणार आहे. हातोडे, चाळण्या व बेअरिंगें कोठें व काय भावानें मिळतात तें लिहून घ्यावें. त्या पुडीचे दोन डबे भरून मोहोरबंद करावेत. एक विक्रेत्याकडे राहूं द्यावा, दुसरा गटानें जपून ठेवावा. यंत्र गांवीं बसून चालूं झाल्यावर पहिली पूड त्याच्याशीं ताडून मगच उरलेली रक्कम चुकती करावी.