फिरायला जा, पण कुठे?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पन्नाशीचे एक दुकानदार दवाखान्यात आले. जेवणानंतरची साखर २८०, वजन वाढलेले, गुडघे कुरकुरणारे. गोळ्या लिहून दिल्या आणि नेहमीचे वाक्य बोललो, "रोज फिरायला जात जा." त्यांनी विचारले, "डाक्टरसाहेब, पन फिरानं कथा?"

मी गप्प झालो. हे गृहस्थ पहाटे महामार्गाच्या कडेने चालत. मागून ट्रक आला की रस्ता सोडून खाली उतरायचे. एकदा एक मोटारसायकल चाटून गेली, तेव्हापासून फिरणेच बंद. चूक त्यांची नव्हती. तीस वर्षे मी औषध लिहीत होतो, पण ते कुठे मिळेल हे सांगत नव्हतो.

वाचकहो, चालण्याचे महत्त्व आता नवे राहिलेले नाही. लंडनमध्ये डॉ. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे की, प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज किमान अर्धा तास. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे.

आता उरला जागेचा प्रश्न. आपल्या एरंडोलला अंजनी नदी आहे. ती पुढे गिरणेला मिळते आणि गिरणा तापीला. काठाने जिथे चालता येईल तिथे काठाने जावे, जमत नसेल तिथे गल्लीतून. वाटेत पांडववाड्याची जुनी दगडी वास्तू बाहेरून पाहावी. पांडवांची एकचक्रानगरी ती हीच, असे आपल्याकडे परंपरेने सांगतात. नातवाला बरोबर घेतले तर बकासुराची गोष्ट सांगता सांगता अर्धा तास कधी संपला ते कळत नाही.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सायकल काढावी. सायकलवर शरीराचा भार सीटवर पडतो, गुडघ्यांवर कमी येतो. सीट इतकी उंच ठेवावी की पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. सवय झाली की एखाद्या रविवारी पद्मालय गाठावे. अंतर साधारण दहा किलोमीटर. डोंगरावरचे गणपतीचे देऊळ, समोर कमळांचे तळे आणि जवळच जंगलातला भीमकुंड. एवढे पाहायला मिळाले तर व्यायामाचा कंटाळा कोण करील? मात्र पहिल्याच रविवारी हा पराक्रम करू नये. आधी दोन-तीन आठवडे गावातच सराव करावा.

काही पथ्ये सांभाळा. खान्देशचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत घरी परता आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब जाऊ नये. खिशात खडीसाखर असावी. घाम फुटून हातपाय थरथरू लागले तर लगेच ती खावी. मधुमेह्याने अनवाणी चालू नये आणि घरी आल्यावर तळपाय नीट पाहावेत, कारण बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही. छातीत दडपण आले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर तिथेच थांबा आणि तातडीने दवाखाना गाठा.

शेवटी एक विनंती. काठावर कचरा टाकू नये, इतके तरी आपल्या हातात आहे. चार बाके, थोडे दिवे आणि काही कडुनिंब लाभले तर नगरपालिकेचा खर्च फार होणार नाही. काठ स्वच्छ असेल तर बायाबापड्याही निर्धास्त फिरतील. आज घराबाहेर पडायला सर्वांत जास्त संकोच त्यांनाच वाटतो.

ते दुकानदार तीन महिन्यांनी आले. साखर १७० वर आली होती. गोळी बंद झालेली नाही, तसा चमत्कार मी सांगणार नाही. पण जाताना ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अंजनीला पाणी कधी येतं, कधी आटतं, हे आता मला विचारा. चाळीस वर्षं इथं राहतो, पण नदी आत्ता पाहिली."