प्रिन्सेस कट ब्लाउज : बेतणी आणि शिलाई यांचे विवेचन

'प्रिन्सेस कट' हा शब्द आज लहान गावातील शिंप्याच्या पाटीवरही आढळतो. 1870 च्या दशकात युरोपात कमरेवर आडवा जोड नसलेला, सलग उभ्या तुकड्यांचा पोशाख रूढ झाला. पॅरिसमधील वेशकार चार्ल्स फ्रेडरिक वर्थ याचे नाव त्याच्याशी निगडित आहे. वेल्सची युवराज्ञी अलेक्झांड्रा हिच्यावरून हे नाव पडले, असे सामान्यतः मानले जाते. साडीवरील ब्लाउजमध्ये त्या पोशाखाचा केवळ वरचा भाग उरला आहे.

साध्या ब्लाउजमध्ये छातीचा उंचवटा टक घेऊन साधतात. मुंढ्याकडून व कमरेकडून येणारे टक छातीच्या शिखरबिंदूशी मिळवून तेथे कापड विभागले की पुढील भागाचे मधला आणि बगलेचा असे दोन तुकडे होतात. म्हणजेच प्रिन्सेस कट हा जोडात सामावलेला टक होय.

शिलाईतील अडचण येथूनच उद्भवते. मधल्या तुकड्याची कड अंतर्वक्र, तर बगलेच्या तुकड्याची कड बहिर्वक्र असते. शिलाईच्या रेषा समान लांबीच्या असल्या तरी कापलेल्या कडा समान नसतात. वळण 60 अंशांचे व माया दीड सेंटीमीटर धरल्यास अंतर्वक्र कड शिलाईरेषेपेक्षा सुमारे 1.6 सेंटीमीटरने आखूड, तर बहिर्वक्र कड तितकीच लांब भरते. कडांतील हा तीन सेंटीमीटरांहून अधिक फरक न जाणता कडेला कड जुळवली की चुण्या पडणारच. म्हणून मधल्या तुकड्यावर शिलाईरेषेच्या किंचित आत, मायेच्या बाजूस एक आधारशिलाई घालावी, तिच्यापर्यंत (तिला न छेदता) काप द्यावेत आणि हीच बाजू वर ठेवून यंत्रावर शिवावे. शिलाईनंतर बहिर्वक्र मायेतून त्रिकोणी खाचा काढून गोल गादीवर इस्त्री करावी. सपाट टेबलावरील इस्त्री साधलेला उंचवटा पुन्हा चपटा करते.

तथापि शिलाई निर्दोष असूनही ब्लाउज अंगाला न बसणे हा अनुभव सार्वत्रिक आहे. आमच्या प्रात्यक्षिकात एका विद्यार्थिनीचा ब्लाउज पुढून वर उचलला जात होता व मुंढ्याशी फुगत होता. "बाई, माझं अंगच बेढब आहे," असे ती म्हणाली. दोष अंगाचा नव्हता, आराखड्याचा होता. छातीचा पूर्ण घेर 92 सेंटीमीटर असलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीचा बगलेलगतचा वरचा घेर 88, तर दुसरीचा 82 असू शकतो. एकाच घेरावर आखलेला कागद दोघींना बसेल कसा? वरचा घेर, खांद्यापासून शिखरबिंदूपर्यंतची उंची व दोन शिखरबिंदूंमधील अंतर ही मापे न घेता प्रिन्सेस कट आखू नये, असे प्रस्तुत लेखिकेचे स्पष्ट मत आहे.

बगलेची माया सोडून हा दोष जात नाही. तेथे रुंदी मिळते, परंतु उंचवट्याला रुंदीबरोबर लांबीही लागते. त्यासाठी कागदावरच बगलेचा तुकडा छातीच्या पातळीवर कापून उघडावा आणि जोडाची कड जितकी वाढेल तितकीच वाढ मधल्या तुकड्यात त्याच पातळीवर द्यावी. जोड शिखरबिंदूवरून अथवा त्याच्या अडीच सेंटीमीटरच्या आतून जातो की नाही, हे मांजरपाटाचा नमुना धावदोऱ्याने जोडून, अंगावर घालून पाहावे. त्या विद्यार्थिनीचा दुसरा नमुना असाच बेतला. मुंढ्यातील फुगवटा गेला, आणि पुढची कड पाठीच्या कडेशी समपातळीत आली.