गोळीला न जुमानणारी आकडी

जालना, बीड, परभणी, हिंगोलीहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंत येणाऱ्या अनेक कुटुंबांची कहाणी सारखीच असते. गोळी बदलली, डोस वाढवला, अंगारेधुपारेही झाले. लेकराची आकडी थांबत नाही. मग ठपका आईवर येतो : गोळी चुकवली असेल, पोटुशी असताना ग्रहण पाळले नसेल. मेंदूच्या घडणीवरचे संशोधन हा ठपका पुसून काढते, म्हणून ते मराठवाड्यातल्या घराघरांत पोहोचले पाहिजे.

गर्भाच्या मेंदूत चेतापेशी आतल्या पोकळ्यांलगत जन्मतात आणि बाहेरच्या बाजूला सरकत सहा थर रचतात. काही पेशी वाटेतच अडकल्या किंवा बेसुमार वाढल्या, तर ही रचना विस्कटते. १९७१ मध्ये लंडनच्या डेव्हिड टेलर, मरे फाल्कनर आणि सहकाऱ्यांनी दहा रुग्णांच्या, शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूच्या भागांत अशा अवाढव्य, वेड्यावाकड्या पेशी पाहिल्या. या विकाराचे नाव ‘फोकल कॉर्टिकल डिस्प्लाझिया’.

पेशी अशा का वाढतात? २०१५ मध्ये दक्षिण कोरियाच्या संशोधकांना या विकाराच्या ७७ पैकी १२ रुग्णांच्या मेंदूत ‘एमटॉर’ जनुकात बदल सापडला. पेशीच्या वाढीवर याच जनुकाचे नियंत्रण असते. बदल रक्तात नव्हता. मेंदूच्या बिघडलेल्या भागातही मोजक्याच पेशींत होता. म्हणजे तो आईबापांकडून आलेला नव्हता, गर्भात पेशी विभागताना झाला होता. तोच बदल उंदरांच्या गर्भात घडवल्यावर पिल्लांना झटके येऊ लागले. एमटॉरला आवर घालणाऱ्या रॅपामायसिन या औषधाने ते आटोक्यात आले.

नेहमीच्या गोळ्या मेंदूतल्या विजेचा उसळता प्रवाह दाबतात, बिघडलेली घडण सुधारत नाहीत. योग्य निवडलेली, पुरेशा मात्रेतली दोन औषधे हरली, की अपस्मार, म्हणजे आकडीचा आजार, औषधाला दाद न देणारा समजावा, अशी व्याख्या २०१० मध्ये ठरली. अशा वेळी एमआरआय पुन्हा, पातळ छेदांचा, अपस्मारासाठी खास काढावा लागतो. जाड छेदांत निसटलेली खूण त्यात दिसू शकते : एखाद्या वळीच्या तळाशी करड्या-पांढऱ्या भागांमधली सीमा पुसट झालेली, आणि तिथून आतल्या पोकळीकडे निमुळती होत गेलेली फिकट रेघ.

अशी खूण सापडली, तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. दिल्लीच्या एम्सने २०१७ मध्ये अशा हट्टी अपस्माराच्या ११६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या आजाराची कारणे वेगवेगळी होती. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के झटकामुक्त होते, फक्त औषधांवरच्यांपैकी ७ टक्के. शस्त्रक्रियेनंतर काहींना अंगाच्या एका बाजूची कमजोरी आली. ही किंमतही आईबापांना आधी नीट समजावली पाहिजे.

मुंबईचे केईएम, तिरुवनंतपुरमचे श्री चित्रा अशा संस्थांत ही शस्त्रक्रिया होते. गोळ्या मनाने बंद करू नयेत. झटक्यांची तारीखवार नोंद ठेवावी, मोबाइलवर चित्रण करावे. आणि दुसरे औषध हरले, की ‘कारण मेंदूच्या घडणीत आहे का?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. हा प्रश्न विचारण्याचा आईबापांना पूर्ण हक्क आहे.