रुपेरी पडद्यावरील रक्त

खून, अपघात वा युद्ध यांचा प्रसंग रंगवावयाचा झाला म्हणजे नटाच्या अंगावर थोडासा तांबडा रंग ओतला की काम भागले, अशी एक समजूत सर्वसामान्य प्रेक्षकांतच नव्हे, तर आपल्या हौशी रंगभूमीवरील पुष्कळशा मंडळींतही दृढमूल झालेली आहे. वस्तुतः खोटे रक्त सिद्ध करण्याची विद्या ही रसायन, प्रकाश आणि शरीरधर्म या तिन्हींशी एकाच वेळी व्यवहार करणारी विद्या असून, तिच्या इतिहासाकडे पाहता असे दिसते की, प्रेक्षकाचा विश्वास रक्ताच्या रंगावर जितका बसतो त्याहून कितीतरी अधिक त्याच्या वाहण्यावर बसतो.

भरताच्या नाट्यशास्त्राने युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष दाखवू नये असा दंडक घालून दिला असल्याने संस्कृत रंगभूमीला या विद्येची फारशी गरज पडली नाही. केरळच्या कथकळीने मात्र ही मुभा स्वतःकडे घेतली. अवयव छेदले गेलेली राक्षसी 'निणम' नावाचे द्रव्य सर्वांगास माखून, मशालींच्या उजेडात प्रेक्षकांमधून वाट काढीत रंगमंचाकडे येते. हे निणम तांदळाचे पीठ, हळद आणि चुना यांपासून करतात. हळदीस चुन्याचा स्पर्श होताच ती लाल होते, हे कुंकू घरी करणाऱ्या आपल्या आज्यापणज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते; त्याच रसायनाने तिकडे रक्त निर्माण केले.

युरोपात या विद्येस खरे व्यावसायिक रूप आले ते पॅरिसमध्ये. इ. स. १८९७ साली ऑस्कार मेतेनिए याने पिगाल वस्तीतील एका जुन्या प्रार्थनामंदिरात 'ग्रां गिन्योल' हे अवघ्या २९३ आसनांचे नाट्यगृह उघडले आणि १९६२ मध्ये ते बंद पडेपर्यंत तेथे भयनाट्यांची परंपरा अखंड चालू राहिली. जागा इतकी अरुंद की, पहिल्या रांगेतील मनुष्यास नटाच्या गळ्यावरील घाव हातभर अंतरावरून दिसावा. सबब तेथे पाण्यात कालविलेला रंग चालण्यासारखा नव्हता. तेथील कारागिरांनी ग्लिसरीनमध्ये कार्माइन मिसळण्याची तजवीज केली. कार्माइन हा रंग मेक्सिकोतील निवडुंगावर पोसणाऱ्या कोचिनील किड्यांपासून काढतात. ज्या लाखेच्या किड्यांपासून आपल्याकडे आळता होत असे, त्यांचेच हे दूरचे भाईबंद होत. ऊन ग्लिसरीन पातळ असते आणि निवता निवता दाट होत जाते, त्यामुळे जखमेतून निघालेला ओघळ गळ्यावरून उतरता उतरता मंदावे, व रक्त गोठत असल्याचा भास आपोआपच उत्पन्न होई.

चित्रपटाने हा सारा हिशेब उलटापालटा केला. आरंभीच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. तो तिच्यावर काळा उमटे, म्हणून मूकपटातील रक्त हे केवळ एक काळा डाग असे. पुढे फिल्म सुधारली तरी कृष्णधवल चित्रपटात रंगापेक्षा गडदपणाच महत्त्वाचा राहिला. हिचकॉकच्या 'सायको' (१९६०) मधील न्हाणीघरातील सुप्रसिद्ध हत्येत मोरीतून वाहून जाणारे द्रव्य चॉकलेटचा पाक होता, आणि जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) मध्येही चॉकलेटच्या पाकानेच काम निभावले. रंगीत चित्रपट आल्यावर ही सोय संपली. इंग्लंडच्या हॅमर कंपनीने 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९५७) व 'ड्रॅक्युला' (१९५८) या चित्रपटांतून भडक लाल रक्त प्रथमच मुबलक दाखविले. त्यानंतरच्या काळात डॉर्सेट परगण्यातील जॉन टाइनगेट या निवृत्त औषधविक्रेत्याने तयार केलेले रक्त ब्रिटिश रंगभूमीवर व पडद्यावर सर्वत्र चालू लागले. लंडनमधील एका रस्त्याचे 'केन्सिंग्टन गोर' हे नाव त्याने आपल्या मालाला दिले होते.

तथापि या कलेचा खरा पंडित म्हणून ज्याचे नाव घ्यावयाचे, तो अमेरिकन रंगभूषाकार डिक स्मिथ (१९२२–२०१४). 'द गॉडफादर' (१९७२), 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) आणि 'टॅक्सी ड्रायव्हर' (१९७६) या चित्रपटांची रंगभूषा त्याची. त्याच्या रक्ताची कृती अशी: एक क्वार्ट, म्हणजे लिटरला किंचित कमी, मक्याचा पारदर्शक पाक, टिकाऊपणासाठी चमचाभर मिथाइलपॅराबेन, दोन औंस तांबडा खाद्यरंग, पाच लहान चमचे पिवळा खाद्यरंग, आणि दोन औंस कोडॅकचे 'फोटो-फ्लो'.

यातील एकेक पदार्थ विचारपूर्वक निवडलेला आहे. पाक घेतला तो दाटपणासाठी, कारण खरे रक्त पाण्याहून सुमारे चौपट दाट असते. रंग घेतला तो विरघळणारा; भुकटीचा, अपारदर्शक घेतला नाही. थेंबभर रक्त पांढऱ्या बशीत टाकून बशी दिव्याखाली कलती केली, तर पातळ पसरलेली कड तांबूस-पिवळट दिसते आणि तळाशी साचलेला भाग जवळजवळ काळा दिसतो. विरघळलेला रंग हा नियम पाळतो. भुकटीचा रंग पातळ असो वा दाट, एकाच छटेचा राहतो, आणि म्हणूनच तो प्रेक्षकाला रंगाऱ्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. पातळ कडेला ती पिवळट झाक यावी, एवढ्यासाठीच ते पाच चमचे पिवळे होते. राहिले फोटो-फ्लो. निगेटिव्ह धुतल्यानंतर तिच्यावर पाण्याचे डाग राहू नयेत म्हणून वापरावयाचे हे छायाचित्रकारांचे रसायन पृष्ठताण कमी करते. नुसता पाक सदऱ्यावर ओतला तर तो मण्यांसारखा ओघळून जातो. फोटो-फ्लो मिसळताच तो सुतात शिरतो, त्वचेवर न तुटता पसरतो. फिल्म धुण्याच्या खोलीतील बाटली रंगपटात आणून तिचा असा उपयोग करणाऱ्या या मनुष्याच्या बुद्धीची तारीफ करावी तेवढी थोडीच आहे. मात्र हे द्रव्य विषारी आहे आणि तसा स्पष्ट इशारा कृतीतच दिलेला होता. तोंडातून वाहावयाच्या रक्तात ते घालावयाचे नव्हते.

त्याचे रक्त किती खरे ठरले याचा एक दाखला चित्रपटाच्या इतिहासातच नमूद आहे. 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या अखेरच्या गोळीबारास प्रमाणपत्र देताना अमेरिकन परीक्षण मंडळाने हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शक स्कॉर्सेसी याने दृश्ये कापली नाहीत. त्याने त्या प्रसंगाचे रंगच फिके करून घेतले. रक्त तेवढेच राहिले, केवळ त्याची लाली उतरली, आणि तेवढ्यावर मंडळाचे समाधान झाले.

मला स्मिथचे याहूनही मोठे वाटते ते त्याचे औदार्य. ज्या धंद्यात प्रत्येक उस्ताद आपली कृती कुलुपात ठेवी, त्या धंद्यात त्याने आपली कृती खुली केली, १९६५ साली मुलांसाठी घरगुती रंगभूषेचे पुस्तक काढले, आणि पत्रे पाठविणाऱ्या अनोळखी तरुणांना तपशीलवार उत्तरे दिली. रिक बेकर हा पुढे स्वतः ख्यातकीर्त झालेला रंगभूषाकार अशा तरुणांपैकीच एक. स्मिथला 'अमेडिअस'साठी ऑस्कर मिळाले, व पुढे २०११ मध्ये सन्माननीय ऑस्करही मिळाले.

आपल्या हौशी नाट्यसंस्थांच्या आणि लघुपट करणाऱ्या तरुणांच्या हाती आज साखरेचा पाक, ग्लिसरीन, खाद्यरंग व कोको ही सामग्री सहज येते, आणि तिच्यातून उत्तम रक्त सिद्ध होऊ शकते. त्यांस माझी विनंती एवढीच की, तोंडात घ्यावयाचे रक्त वेगळ्या भांड्यात, निव्वळ खाण्याच्या पदार्थांचे करावे. अंगावर ओतावयाच्या रक्तात साबण घातला असेल तर ते डोळ्यांजवळ नेऊ नये. आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी थोडे रक्त नटाच्या मनगटाच्या आतल्या बाजूस लावून, व थोडे वेशाच्या कापडाच्या चिंधीवर टाकून ती धुऊन पाहावी.