दैवी कोपाचा नैतिक अर्थ : भागवतातील नृसिंहकथेच्या आधारे एक विवेचन

काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन द्वारे होत, असा भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायाचा निर्वाळा आहे. आपल्या नीतिविचारातही क्रोधाची गणना षड्रिपूंत होते. असे असता, ज्या देवतांची उपासना करावयाची त्यांच्याच कोपाचे वर्णन वेद, इतिहास आणि पुराणे निःसंकोचपणे करतात. जो विकार मनुष्याच्या ठिकाणी दोष ठरतो, तो देवाच्या ठिकाणी भूषण कसा ठरावा? या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. कोपिष्ट देवता हा आदिम भयाचा अवशेष होय, हे एक. आणि देवाचा कोप ही केवळ लीला होय, हे दुसरे. पहिल्या उत्तराने कल्पनेचे मूळ कदाचित कळेल, पण तिचा अर्थ कळत नाही. दुसऱ्याने प्रश्न सुटण्याऐवजी मिटविला जातो. म्हणून ग्रंथकारांनी या कोपाची मांडणी कशी केली आहे, हे कथेच्या अंगानेच पाहणे इष्ट होय. प्रस्तुत लेखात भागवताच्या सातव्या स्कंधातील नृसिंहकथा मुख्य आधार म्हणून घेतली आहे.

१. पूर्वपीठिका

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ८३ आणि ८४ ही दोन सूक्ते ‘मन्यू’ या देवतेला उद्देशून आहेत. तेथे मन्यू हा शत्रूचा पराभव करणारा, युद्धात साहाय्यास येणारा आवेश आहे. परंतु सातव्या मंडलातील ८६ व्या सूक्तात वसिष्ठ वरुणापुढे आपल्या अपराधाची कारणे मांडतो, तेव्हा सुरा, द्यूत आणि अविचार यांच्या पंक्तीत तो मन्यूलाही बसवितो. एकच शब्द एका ठिकाणी देवतेचे नाम आहे आणि दुसऱ्या ठिकाणी पापाचे कारण. याच सूक्तात वरुण रुष्ट झाला आहे हे ज्ञात्यांकडून कळताच वसिष्ठ विचारतो, की स्तोत्याला व मित्राला मारू पाहावे असा माझा कोणता मोठा अपराध घडला? या विचारण्यातच एक गृहीत आहे : देव रुष्ट झाला असेल तर त्याला कारण असले पाहिजे, आणि ते विचारण्याचा अधिकार भक्ताला आहे. लहरी सामर्थ्यापुढे मनुष्य केवळ कापतो. कारण विचारावयाचे ते न्यायासनापुढे.

वाल्मीकिरामायणाच्या आरंभी हीच द्विविधता एका व्यक्तीच्या ठिकाणी एकवटली आहे. ज्याने क्रोध जिंकला आहे, आणि तरीही रणात ज्याच्या रोषाला देव भितात, असा पुरुष कोण, असे वाल्मीकी नारदाला विचारतात. पुढे अरण्यकांडात सीतेच्या विरहाने संतप्त झालेला राम सर्व लोकांच्या संहाराची भाषा बोलू लागतो, तेव्हा लक्ष्मण त्याला आवरतो. एकाच्या अपराधासाठी सर्व लोकांचा नाश करणे तुला शोभत नाही, हा त्याचा युक्तिवाद आहे. समर्थाचा कोपही प्रमाणाच्या कसोटीला लागतो, हे येथे स्पष्ट होते.

२. नृसिंहाचा कोप

भागवतात हा विचार अधिक रेखीव झाला आहे. हिरण्यकशिपूच्या छळाने त्रस्त झालेले देव भगवंताला शरण जातात, तेव्हा त्यांना लगेच दैत्यवधाचा लाभ होत नाही. आकाशवाणी त्यांना थांबावयास सांगते : निर्वैर आणि प्रशांत अशा आपल्या पुत्राचा, प्रल्हादाचा, तो द्रोह करील तेव्हा वराने बलिष्ठ झालेला असला तरी मी त्याला मारीन. वास्तविक हिरण्यकशिपू विष्णूचा द्वेष प्रारंभापासूनच करीत होता. स्वतःविषयीचा हा द्वेष भगवंताने दीर्घकाळ सोसला. जो उलट प्रहार करणार नाही अशाचा छळ मात्र सोसला नाही. कोपाचे कारण येथे स्वतःचा अवमान नसून दुसऱ्यावरील अन्याय आहे.

याच्या उलट बाजूस हिरण्यकशिपूचा क्रोध ठेवून पाहावा. भाऊ हिरण्याक्ष मारला गेला म्हणून तो विष्णूच्या सूडाला प्रवृत्त होतो. विशेष हे, की त्याच वेळी तो शोकाकुल मातेला व भावजयीला आत्म्याच्या अविनाशित्वाचा उपदेश करतो, आणि तो उपदेश तत्त्वदृष्ट्या निर्दोष आहे. दुसऱ्यांचा शोक शमविणारे ज्ञान त्याचा स्वतःचा द्वेष शमवू शकत नाही. पुराणकाराने दैत्याला अज्ञानी न दाखविता असे दाखवावे, यात मोठे मर्म आहे.

वधानंतरचा प्रसंग तर अधिकच विचारणीय आहे. शत्रू मेला तरी नृसिंहाचा आवेश ओसरत नाही. ब्रह्मा व रुद्र यांच्यासह सर्व देव दूर उभे राहून स्तुती करतात. देवांनी पाठविलेली लक्ष्मीसुद्धा भयाने जवळ जात नाही. अखेर ब्रह्मदेव प्रल्हादाला पुढे पाठवितात. ज्याच्यावर अन्याय झाला तोच कोप शांत करण्यास अधिकारी ठरतो. असुर मारला गेला, आता क्रोध आवरावा, अशी प्रार्थना प्रल्हाद करतो. या उग्र रूपाचे मला भय नाही, भय आहे ते संसारचक्राचे, असेही तो म्हणतो. पुढे वर मागण्याची वेळ येते, तेव्हा तो आपल्या छळकर्त्या पित्याची शुद्धी मागतो, आणि एकवीस पिढ्यांसह तुझा पिता पावन झाला आहे असे आश्वासन त्याला मिळते. त्यानंतर पित्याचे अंत्यसंस्कार करण्याची आज्ञा होते. कोपाचे पर्यवसान दंडिताच्या उद्धारात आणि पितापुत्रसंबंधाच्या पुनःस्थापनेत झाले.

३. दोन पूरक उदाहरणे

कारण, मर्यादा आणि पर्यवसान ही तीन अंगे चौथ्या स्कंधातील दक्षयज्ञकथेतही आढळतात. शिवनिंदेच्या वेळी भगाने डोळ्यांनी खूण केली, पूषा दात दाखवून हसला, भृगूने मिशा दाखवीत उपहास केला; वीरभद्राचा दंड ज्या त्या अवयवावरच येतो. सतीच्या देहत्यागामुळे हा कोप वैयक्तिक दुःखातून उसळला आहे, तरीही तो आंधळा नाही. पुढे ब्रह्मदेवाच्या विनंतीवरून शिव प्रसन्न होतो, दक्षाला बोकडाचे शिर लाभते आणि मोडलेला यज्ञ पुरा होतो. दहाव्या स्कंधात कालियाच्या पत्नी कृष्णाला म्हणतात, की हा दंड न्याय्यच आहे, आणि तुझा क्रोधही आम्ही अनुग्रहच मानतो. दंडिताच्या आप्तांच्या मुखी ही मान्यता घातल्याने तिचे मोल वाढते.

४. आक्षेप आणि निष्कर्ष

तथापि एक आक्षेप उरतो. भगवंत जर सर्वांना सम असेल, तर त्याने इंद्रासाठी दैत्यांना का मारावे? हा आक्षेप बाहेरचा नव्हे. सातव्या स्कंधाचा आरंभच परीक्षिताच्या या प्रश्नाने होतो. गीतेच्या नवव्या अध्यायात मला कोणी द्वेष्य नाही व प्रिय नाही असे भगवंत म्हणतो. तेथे शंकराचार्यांनी अग्नीचा दृष्टांत दिला आहे. अग्नी जवळ येणाऱ्याची थंडी घालवितो, दूर राहणाऱ्याची घालवीत नाही. यात अग्नीचा पक्षपात नाही. हा दृष्टांत अनुग्रहाच्या विषमतेचा उलगडा करतो. कोपाच्या बाबतीत तो अपुरा पडतो. कारण नृसिंह खांब फोडून बाहेर येतो, अग्नीसारखा स्वस्थ राहत नाही. पुराणकाराला उदासीन समता पुरेशी वाटलेली दिसत नाही. निरपराध्याचा छळ होत असता ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्या समतेला नैतिक मूल्य कोणते, हा प्रश्न त्याने कथारूपाने विचारला आहे.

मग मनुष्याने आपल्या क्रोधाला याच कथेचा आधार घ्यावा काय? कथेचे उत्तर स्पष्ट आहे. तिच्यातील मनुष्याचा आदर्श नृसिंह नसून प्रल्हाद आहे. त्याने अन्यायापुढे मान तुकविली नाही, छळकर्त्याचा द्वेष केला नाही आणि विजयाच्या क्षणी त्याच्यासाठी क्षमा मागितली. आपला क्रोध स्वार्थरहित आहे की काय, हे ठरविण्यास मनुष्य स्वतः फारसा विश्वासार्ह साक्षी नसतो. हिरण्यकशिपूलाही आपला क्रोध बंधुप्रेमाचाच वाटत होता. म्हणून गीतेची नरकद्वाराची सूचना आणि पुराणातील कोपवर्णन यांत विरोध राहत नाही. अन्याय हा केवळ पीडिताचा खाजगी प्रश्न नसून विश्वाच्या व्यवस्थेलाच लागलेला धक्का आहे, ही ग्वाही दैवी कोप देतो. आणि त्या कोपाचे शस्त्र आपल्या हाती घेण्याचा मोह आवरावा, हे प्रल्हादाची प्रार्थना शिकविते.