रानटी टोळ्या आणि चौलचा वेढा

आमच्या चौल-रेवदंड्याकडची काही मुलं 'सिव्हिलायझेशन ६' हा गेम खेळतात. आळीपाळीने चाल करायची, छोट्या वस्तीचं साम्राज्य उभं करायचं. पण सुरुवातीलाच रडकुंडीला येतात, "सर, रानटी टोळ्यांनी शेतं उद्ध्वस्त केली!"

चूक कुठे होते? मुलं आधी मोठ्या इमारती बांधायला घेतात, राखणीला कोणी नसतं. खरं तर हल्ला अचानक होत नाही. टोळीचा टेहळ्या आधी आपलं गाव पाहून जातो. तो तळावर परतला की हल्लेखोर निघतात. म्हणून:

१. टेहळ्या परतण्याआधीच त्याला गाठा.
२. सुरुवातीलाच एक-दोन गोफणवाले तयार ठेवा.
३. टेकडीवर पहारा बसवा. नजरेतल्या जागेत नवा तळ पडत नाही.
४. तळ सापडला की मोडा, वर सोनंही मिळतं.

आता आपल्या गावाकडे या. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाने इथल्या पोर्तुगीज ठाण्याला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, वेढा घातला. सैन्य थोडं असूनही ठाणं टिकलं, कारण समुद्राची वाट खुली होती आणि कुमक येत राहिली.

मग मुलांना विचारा, यात 'रानटी' कोण? समुद्रापलीकडून आलेले, की वेढा घालणारे? गेममध्ये टोळ्यांची बाजू कोणी सांगत नाही. इतिहास शिकताना मात्र दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. घरी मुलांशी एवढं जरूर बोला.